उत्तरायुष्यातील ध्वनिमुद्रिका आणि गायिकेचे नाव : आशा भोसले यांच्या 'यू हॅव स्टोलन माय हार्ट' (२००५) चा खानदेशाच्या संदर्भात विचार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासलेखनात नाट्यसंगीताला जेवढे स्थान मिळाले, तेवढे चित्रपटसंगीताला मिळालेले नाही. नाटक मंडळ्यांचे दौरे, नटांची चरित्रे, संगीत नाटकांच्या संहिता यांचा अभ्यास विपुल झाला. परंतु ज्या गायनाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्यापाड्यांतील घराघरांत प्रवेश केला, त्या पार्श्वगायनाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे पुरेशी रुजलेली नाही. ध्वनिमुद्रिका ही ऐकण्याची वस्तू मानली जाते, वाचण्याची नव्हे. वस्तुतः तिच्यावर कोणाचे नाव छापले आहे, कोणाचे गाळले आहे, कोणते नाव मोठ्या अक्षरांत आहे आणि ती कोणी, कोणासाठी काढली, हे प्रश्न जसे जुन्या दप्तरातील कागदाला विचारले जातात तसेच तिलाही विचारता येतात. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने कागदपत्रे जपण्याची जी परंपरा १९२७ पासून चालविली, तिच्या प्रदेशात तरी हा मुद्दा नव्याने पटवून देण्याची गरज पडू नये.

प्रस्तुत निबंधात आशा भोसले आणि अमेरिकेतील क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीने मिळून केलेल्या 'यू हॅव स्टोलन माय हार्ट' या ध्वनिमुद्रिकेचा विचार केला आहे. नॉनसच या अमेरिकन कंपनीने ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा आशाबाईंच्या वयाची ७१ वर्षे पूर्ण झालेली होती. वयाच्या या टप्प्यावरील अशा ध्वनिमुद्रणाला 'पुनरागमन' म्हणण्याची प्रथा आहे. तथापि या प्रकरणात जे परत आले तो आवाज नव्हे. आवाज कधी गेलेलाच नव्हता. चित्रपटगीताच्या संदर्भात पुढे आले ते गायिकेचे नाव. हा फरक का महत्त्वाचा आहे, हे पाहण्यासाठी मंगेशकर घराण्याच्या खानदेशी आजोळापासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

थाळनेरचे आजोळ

तापीच्या काठावरील थाळनेर हे धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील गाव. आज त्याकडे पाहून त्याच्या पूर्ववैभवाची कल्पना येणे कठीण आहे. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा याला थाळनेर व करवंद हा मुलूख दिला आणि त्यातूनच खानदेशच्या फारुकी राजवंशाचा उदय झाला. बुऱ्हाणपूर वसण्यापूर्वी राजधानीचा मान थाळनेरचा होता. फारुकींच्या कबरी आजही तेथे उभ्या आहेत. १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने येथील किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामा यास फाशी दिले, ही घटना खानदेशच्या इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. तापीचे खोरे हे सुरत आणि बुऱ्हाणपूर यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गावरचे असल्याने गुजराती व्यापारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेली होती.

याच गावचे शेठ हरिदास रामदास लाड हे गुजराती व्यापारी आणि जमीनदार होते. बळवंत संगीत मंडळीचे प्रमुख गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचा पहिला विवाह त्यांची कन्या नर्मदा हिच्याशी झाला. नर्मदेचे अल्पवयात निधन झाल्यावर दीनानाथांनी तिची धाकटी बहीण शेवंती हिच्याशी विवाह केला. पुढे माई मंगेशकर म्हणून ओळखल्या गेलेल्या या थाळनेरच्या कन्येच्या पोटी लता (१९२९), मीना, आशा (१९३३), उषा आणि हृदयनाथ ही भावंडे जन्मली. म्हणजे मराठी माणूस ज्या घराण्याला आपल्या संगीताचे मानचिन्ह मानतो, त्या घराण्याची आई गुजरातीभाषक आणि आजोळ खानदेशातले होते. आजीकडून ऐकलेल्या गुजराती गरब्यांचा संस्कार लताबाईंवर झाल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविलेले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कलावंताचे आजोळ सापडले की त्याच्या कलेचे मूळ त्या मातीत शोधण्याचा मोह प्रादेशिक इतिहासकारांना नेहमीच होतो. थाळनेरने आशा भोसले घडविल्या, असे विधान करणे हा असाच मोह होय. त्यांचा जन्म सांगलीचा, वडिलांचा मृत्यू पुण्यात (२४ एप्रिल १९४२), पुढील सगळी घडण कोल्हापूर आणि मुंबईच्या चित्रपटव्यवसायातली. तरीही एवढे म्हणता येते की, एकाच घरात मराठी व गुजराती नांदत असणे ही तापीच्या खोऱ्यात अपवादात्मक बाब नव्हती. ज्या मुलुखात अहिराणी, लेवा बोली, गुजराती, हिंदी आणि उर्दू आठवडे बाजाराच्या दिवशी एकमेकींच्या कानावर पडतात, त्या मुलुखाशी नाते असलेल्या गायिकेला परभाषेतील उच्चार हे ओझे वाटले नसतील. गिनेस बुकाने २०११ मध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रणांची नोंद केली ती ११,००० पर्यंतच्या गीतांची व २० हून अधिक भारतीय भाषांची होती. या संख्येवर वाद होऊ शकतो. भाषांच्या विस्ताराविषयी मात्र दुमत होण्याचे कारण नाही.

खानदेश हा नाटक मंडळ्यांच्या फिरतीचाही मुलूख होता. मुंबई-भुसावळ लोहमार्ग आणि चाळीसगावहून धुळ्याकडे जाणारा फाटा यांमुळे मंडळ्यांना सामानसुमानासह येथे येणे सोपे झाले. बालगंधर्वांनी बालपणी गाण्याचे पहिले धडे जळगावातच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले होते. नाटकात गायक नट प्रेक्षकांच्या समोर उभा असे. गाणे कोणाचे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. हँडबिलावर नाव होते आणि रंगमंचावर माणूस होता. दीनानाथांच्या मुलींच्या पिढीला मात्र हे भाग्य लाभले नाही, आणि या निबंधाचा खरा विषय येथून सुरू होतो.

तबकडीवरचे नाव

बोलपटात पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाली तेव्हा गाणारा आणि दिसणारा यांची फारकत झाली. ज्याचा चेहरा पडद्यावर आहे त्याचे गाणे, अशी समजूत प्रेक्षकांत राहावी यातच व्यवसायाचे हित होते. 'महल' (१९४९) या चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे नाव छापले गेले. कामिनी हे कथेतील पात्राचे नाव होते. आकाशवाणीकडे श्रोत्यांनी गायिकेच्या नावाची विचारणा केली, तेव्हा कंपनीकडून लता मंगेशकर हे नाव मिळवून ते प्रसारित करावे लागले. ही हकीगत बहुतेक ठिकाणी गमतीची आठवण म्हणून सांगितली जाते. ती गमतीची नाही. एका वीस वर्षांच्या मुलीने गायिलेले गाणे देशभर वाजत होते आणि त्यावर अस्तित्वात नसलेल्या स्त्रीचे नाव होते.

फिल्मफेअर पुरस्कारांतही प्रारंभी पार्श्वगायनाचा विभाग नव्हता. लताबाईंनी त्याविषयी हरकत घेतली आणि १९५९ च्या सोहळ्यात तो पुरस्कार प्रथम दिला गेला. साठच्या दशकात गायकांना स्वामित्वधनाचा वाटा मिळावा की नाही या प्रश्नावर लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात मतभेद होऊन काही वर्षे त्यांनी एकत्र गाणे थांबविले होते. याचा अर्थ एवढाच की, नाव आणि हक्क यांचा झगडा थोरल्या बहिणीने उघडपणे लढविला. धाकट्या बहिणीचा मार्ग निराळा होता. तिच्या वाट्याला तो झगडा लढण्याइतके स्थैर्य बराच काळ आलेच नाही.

आशाबाईंनी १९४३ मध्ये 'माझं बाळ' या मराठी चित्रपटासाठी दत्ता डावजेकरांच्या संगीत दिग्दर्शनाखाली पहिले गाणे गायिले. हिंदीतील आरंभ 'चुनरिया' (१९४८) पासून झाला. त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे त्या मिळेल ते गात होत्या: कमी खर्चाच्या चित्रपटांतील गीते, दुय्यम नायिका आणि नर्तकी यांच्यासाठीची गीते, आघाडीच्या गायिकांनी नाकारलेली गीते. 'नया दौर' (१९५७) ने ओ. पी. नय्यर यांच्याकडे त्यांना मुख्य नायिकेचा आवाज मिळवून दिला. सत्तरच्या दशकात राहुलदेव बर्मन, 'उमराव जान' (१९८१) मध्ये खय्याम आणि पुन्हा राहुलदेव 'इजाजत' (१९८७) मध्ये, असा हा प्रवास आहे. शेवटच्या दोन्ही चित्रपटांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार दिला. या यादीत एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक टप्प्याची ओळख संगीतकाराच्या नावाने होते. 'नय्यरची आशा', 'पंचमची आशा' हे शब्दप्रयोग रसिकांच्या तोंडी सहज येतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पतीचे आडनाव लहानपणीच्या विवाहाने आले आणि विवाह मोडल्यानंतरही टिकले. संगीतातील ओळख मात्र दर दशकाला दुसऱ्याच्या नावाशी बांधलेली राहिली.

'पुनरागमन' हा शब्द

४ जानेवारी १९९४ रोजी राहुलदेव बर्मन यांचे निधन झाले. तोवर आशाबाईंची चित्रपटगीते विरळ झालेली होती. कॅसेटच्या प्रसाराने संगीत कंपन्यांचे गणित बदलले होते; नव्या गायिका आल्या होत्या; जुन्या गीतांच्या स्वस्त आवृत्त्या दुसऱ्यांच्या आवाजात काढून त्या जळगाव-धुळ्याच्या बसस्थानकांवरच्या टपऱ्यांतही विकल्या जात होत्या. त्या कॅसेटींवर मूळ गायिकेचे नाव असण्याचे कारणच नव्हते. १९४९ सालचा 'कामिनी'चा प्रकार वेगळ्या रूपात चालूच होता, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

८ सप्टेंबर १९९५ रोजी 'रंगीला' प्रदर्शित झाला. तो दिवस आशाबाईंच्या ६२ व्या वाढदिवसाचा होता. ए. आर. रहमान यांच्या संगीतावर त्यांनी ऊर्मिला मातोंडकर या विशीतल्या नायिकेसाठी गायिले आणि त्यासाठी फिल्मफेअरने त्यांना विशेष पुरस्कार दिला. वृत्तपत्रांनी याला पुनरागमन म्हटले. ते चित्रपटसृष्टीतील पुनरागमन होतेच. परंतु त्याचे स्वरूप पूर्वीचेच राहिले. गाणारी साठी ओलांडलेली, दिसणारी विशीतली, आणि कौतुकाचा सूर 'या वयातही आवाज किती तरुण!' असा. वय लपविता आले हेच या प्रशंसेचे मर्म होते. कलावंताच्या वयाला येथे काही अर्थ असू शकतो, ही शक्यता त्यात नव्हती.

पुढच्याच वर्षी आलेली 'लेगसी' ही ध्वनिमुद्रिका यापेक्षा फार वेगळी आहे आणि तिच्याकडे महाराष्ट्रात झालेले दुर्लक्ष खटकते. उस्ताद अली अकबर खाँ यांनी आपल्या घराण्याकडे आलेल्या जुन्या बंदिशी आशाबाईंना शिकविल्या आणि कॅलिफोर्नियात त्या ध्वनिमुद्रित झाल्या; तबल्यावर स्वपन चौधरी होते. साठी उलटलेली, हजारो गीते गायिलेली गायिका उस्तादांसमोर विद्यार्थिनी म्हणून बसली. या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. दीनानाथांच्या मुलीने अखेरीस अभिजात संगीताकडे पाऊल वळविले, एवढाच तिचा अर्थ लावला तर तो अपुरा होईल. गायिकेचे नाव येथे कोणत्याही नटीच्या किंवा चित्रपटाच्या आधाराविना मुखपृष्ठावर होते, ही खरी नोंद घेण्याजोगी बाब आहे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात लेस्ली लुईस यांच्यासह केलेला 'जानम समझा करो' (१९९७) आणि त्यानंतर अदनान सामी यांच्याबरोबरची गीते यांनी दूरचित्रवाणीच्या संगीतवाहिन्यांवरील तरुण श्रोते मिळविले. त्याच सुमारास इंग्लंडमधील कॉर्नरशॉप या वाद्यवृंदाने आशाबाईंचे नाव असलेले इंग्रजी गाणे केले. नॉर्मन कुक यांनी नव्याने बांधलेली त्याची आवृत्ती १९९८ मध्ये तेथील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ज्या गायिकेचा आवाज दुसरीच्या ओठांवर ऐकण्याची भारतीय प्रेक्षकांना सवय होती, तिचे नावच एका परदेशी गाण्याचा विषय झाले. हे नाव गाणारा वाद्यवृंद स्थलांतरित पंजाबी कुटुंबातील तरुणाचा होता, आणि त्याच्या घरातील तबकड्यांवर ते नाव छापलेले होते. तबकडी वाचण्याची वस्तू आहे, याला यापेक्षा चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

२००५ ची ध्वनिमुद्रिका

क्रोनोस क्वार्टेट ही सॅन फ्रान्सिस्को येथील चौकडी व्हायोलिनवादक डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७३ मध्ये स्थापन केली. दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो अशी तिची रचना. पाश्चात्त्य अभिजात संगीताची ही सर्वांत बंदिस्त मांडणी; परंतु या चौकडीने जगभरच्या संगीताकडे ती वळविली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅरव्हॅन' या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत राहुलदेव बर्मन यांची एक रचना वाद्यांवर घेतली होती. या ओढीतूनच पाच वर्षांनी संपूर्ण ध्वनिमुद्रिका साकारली. आशाबाईंचा आवाज, झाकीर हुसेन यांची तालवाद्ये आणि वू मान यांचा पिपा हे चिनी तंतुवाद्य यांची जोड चौकडीला मिळाली. चौकडीच्या सदस्यांनी एकावर एक थर चढवीत, कळवाद्ये व इतर वाद्येही हाताळत, राहुलदेवांच्या भव्य वाद्यमेळाची प्रतिमा उभी केली.

एकूण रचना १२. त्यांत 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१), 'कारवाँ' (१९७१), 'यादों की बारात' (१९७३) यांतील सर्वपरिचित गीते आहेत. गुलजारांचे 'इजाजत'मधील मुक्तछंदातील गीत आहे. 'दिल पडोसी है' (१९८७) या चित्रपटबाह्य संग्रहातील एक गीत आहे. राहुलदेवांच्या बंगाली रचना आहेत. आणि 'शोले' (१९७५) व 'किताब' (१९७७) यांतील राहुलदेवांनी स्वतः गायिलेल्या गीतांचाही समावेश आहे. ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक 'यादों की बारात'मधील गीताच्या पहिल्या शब्दांचे इंग्रजी रूप आहे.

निवडीतच एक धाडस दिसते. जी गीते पडद्यावर हेलन किंवा झीनत अमान यांच्या देहाशी कायमची जोडली गेली होती, तीच येथे पडद्याशिवाय पुन्हा गायिली गेली. 'कारवाँ'मधील गीताचा सगळा परिणाम श्वासावर उभा आहे. ३७ व्या वर्षी गायिलेल्या मूळ गीतात तो श्वास नर्तकीचा असल्याचा भास होता. ७१ व्या वर्षी तो गायिकेचाच असल्याचे ऐकू येते. खर्जाकडे किंचित झुकलेला, कडांशी थोडा खरखरीत झालेला स्वर येथे लपविलेला नाही. 'रंगीला'च्या वेळी ज्या गोष्टीवर पांघरूण घालण्याचे कौतुक झाले, तीच येथे गीताचा विषय बनते.

सर्वच रचना सारख्याच वजनाच्या नाहीत. 'हरे रामा हरे कृष्णा'मधील गीतात वाद्यांची गर्दी इतकी आहे की मूळ रचनेचा गुंगीचा भाव हरवतो. चौकडीला येथे आपली हुशारी आवरता आलेली नाही. याउलट 'इजाजत'मधील गीत ऐकताना वय हाच त्याचा खरा साथीदार असल्याचे जाणवते. मागे राहिलेल्या सामानाची मागणी करणारी ती कविता ५४ व्या वर्षी गायिलेली असताना प्रेयसीची वाटत होती. राहुलदेव जाऊन अकरा वर्षे झाल्यावर त्यांच्या पत्नीने ती पुन्हा गायिली, तेव्हा शब्द तेच राहून बोलणारी व्यक्ती बदलली. चित्रपटातील पात्र बाजूला झाले. या एका रचनेसाठी तरी ही ध्वनिमुद्रिका जतन व्हावयास हवी.

आता नावाचा प्रश्न. मुखपृष्ठावर क्रोनोस क्वार्टेट आणि आशा भोसले ही नावे बरोबरीने आहेत आणि उपशीर्षकात राहुलदेव बर्मन यांच्या बॉलिवूडमधील गीते असा निर्देश आहे. म्हणजे 'पंचमची आशा' हे समीकरण पूर्णपणे सुटलेले नाही. परंतु नावांचा क्रम उलटला आहे. मूळ तबकड्यांवर चित्रपट आधी, संगीतकार नंतर आणि गायिका त्यानंतर असे. येथे गायिका कर्ती झाली, संगीतकार विषय झाला आणि चित्रपट व नटी मुखपृष्ठावरून नाहीसे झाले. मजरूह, आनंद बक्षी, गुलजार या गीतकारांना मात्र मुखपृष्ठावर स्थान नाही. एकाचे नाव पुढे येताना दुसऱ्याचे मागे सरकते, हा जणू या व्यवसायाचा नियमच आहे. ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. तो सोहळा २००६ मध्ये झाला.

थोरल्या बहिणीशी तुलना येथे टाळता येत नाही. लताबाईंनी १९९२ मध्ये 'श्रद्धांजली'त दिवंगत गायकांची गीते आपल्या आवाजात गायिली आणि २००७ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, मयूरेश पै यांच्या संगीतावर 'सादगी' हा गझलांचा संग्रह दिला. तो नव्या रचनांचा, शांत आणि आपल्या मर्यादा ओळखून बेतलेला संग्रह आहे. लताबाईंना आपले नाव नव्याने मिळविण्याची गरज नव्हती. त्यांनी जुनी गीते पुन्हा गाण्याऐवजी नव्या रचना निवडल्या. आशाबाईंनी जुनीच गीते पुन्हा गाऊन ती आपल्या नावावर करून घेतली. दोघींच्या उत्तरायुष्यातील या दोन निवडींमागे त्यांच्या पूर्वायुष्यातील स्थानांचा फरक आहे.

आसोद्याची तुलना

खानदेशच्या वाचकाला या प्रश्नाचे एक जवळचे उदाहरण ठाऊक आहे. जळगावजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. शेतात व घरात काम करताना त्या ओव्या रचून म्हणत. सोपानदेव चौधरी आणि त्यांच्या मावसभावाने त्या टिपून ठेवल्या. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखविल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह प्रसिद्ध झाला. तोवर या रचनांना आवाज होता, नाव नव्हते. जात्यावर गाणाऱ्या असंख्य बायांपैकी ती एक असती आणि तिच्या ओव्या लोकगीते म्हणून संग्रहात 'अज्ञात' या नोंदीखाली गेल्या असत्या, ही शक्यता मुळीच कल्पनेतली नाही.

अनंत माने यांच्या 'मानिनी' (१९६१) या चित्रपटात वसंत पवारांनी बहिणाबाईंच्या रचनांना चाली दिल्या. संसाराविषयीची त्यांची सर्वश्रुत रचना या चित्रपटामुळे महाराष्ट्रभर पोचली. ज्यांनी संग्रह कधी हाती घेतला नाही अशा लाखो माणसांना बहिणाबाई प्रथम रेडिओवर भेटल्या. लेवा बोलीचे उच्चार शहरी श्रोत्याला कळावेत अशा बेताने त्यात सौम्य झालेले आहेत, ही तक्रार खानदेशातून अधूनमधून ऐकू येते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. तथापि एका निरक्षर शेतकरी स्त्रीचे नाव आकाशवाणीच्या निवेदनात गीतकार म्हणून उच्चारले जाऊ लागले, हे या तबकडीचे कार्य होते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले, त्या घटनेच्या पूर्वेतिहासात १९५२ चे पुस्तक आणि १९६१ ची तबकडी ही दोन्ही साधने मोडतात.

येथे दोन्ही स्त्रियांच्या स्थितीत एक साम्य आहे आणि ते वरवरचे नाही. बहिणाबाईंचे शब्द होते, पण ते लिहिणारा हात दुसऱ्याचा होता. आशाबाईंचा आवाज होता, पण शब्द, चाल आणि चेहरा दुसऱ्यांचा होता. दोघींच्याही बाबतीत कर्तृत्व प्रत्यक्ष काम झाल्यानंतर फार उशिरा नोंदले गेले. फरक असा की, बहिणाबाईंना ते पाहता आले नाही.

नाव, आवाज आणि हक्क

प्रशंसा आणि हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. आशाबाईंना २००० सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार, २००८ मध्ये पद्मविभूषण आणि पुढे महाराष्ट्रभूषण असे सन्मान लाभले. परंतु गायकाला त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या पुनर्वापरातून काही मिळावे, याला कायद्याचा भक्कम आधार २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने दिला. तिच्या पाठोपाठ गायकांची हक्कसंस्था स्थापन झाली आणि मंगेशकर भगिनी तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. साठच्या दशकात लता आणि रफी यांना ज्या प्रश्नाने वेगळे केले, त्याचा निकाल लागण्यास जवळपास अर्धशतक लोटले. तोवर रफी (मृ. १९८०) हयात नव्हते.

२०१३ च्या 'माई' या चित्रपटात आशाबाईंनी वयाच्या ७९ व्या वर्षी मुख्य भूमिका केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांना आवाज दिलेल्या गायिकेचा चेहरा तेव्हा पडद्यावर आला. चित्रपट म्हणून त्याची फारशी चर्चा झाली नाही. पण वर मांडलेल्या क्रमात त्याची नोंद व्हावी. थाळनेरच्या शेवंतीबाईंनाही कुटुंबात आणि पुढे लोकांत याच नावाने, 'माई' म्हणूनच, ओळखले जाई. हा अर्थातच केवळ योगायोग.

आवाज आणि नाव यांची फारकत करण्याचे सर्वांत अलीकडचे साधन म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. एखाद्या गायिकेच्या आवाजाची नक्कल यंत्राने तयार करून तिच्यात कोणतेही गीत गाववून घेणे आता शक्य झाले आहे. याविरुद्ध आशाबाईंनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन त्यांचे नाव, प्रतिमा आणि आवाज यांचा त्यांच्या संमतीवाचून असा वापर करण्यास मनाई केली. आवाज हा व्यक्तित्वाचा भाग आहे, असे न्यायालयाने त्यात मानले. १९४९ मध्ये कंपनीने थोरल्या बहिणीच्या आवाजावर कल्पित नाव छापले होते. ७६ वर्षांनी धाकट्या बहिणीच्या खऱ्या नावाखाली कल्पित आवाज विकला जाऊ नये, यासाठी न्यायालयात जावे लागले. त्याच वर्षी गोरिलाझ या इंग्रजी वाद्यवृंदाने आपली 'द माउंटन' ही नवी ध्वनिमुद्रिका जाहीर केली. तिच्यातील सहभागी कलावंतांच्या यादीत आशा भोसले हे नाव स्वतंत्रपणे छापलेले आहे.